मोबाइलची स्क्रीन टीव्हीवर येत नाही? आधी हे पाहा

दोन वर्षांपूर्वी चवथीला आमच्या डिचोलीच्या घरी सगळे जमले होते. माटोळी बांधून झाली होती, आरती झाली, जेवणे आटोपली आणि मोठे काका म्हणाले, "जत्रेतले नाटक मोबाइलवर घेतले आहेस ना, ते टीव्हीवर लाव रे. काकीने पाहिलेच नाही." काकीचे गुडघे दुखतात, देवळासमोर रात्रभर बसणे तिला जमले नव्हते. मी मोबाइल काढला, कास्टचे बटण दाबले. चक्र फिरत राहिले, टीव्हीचे नाव काही येईना. पंधरा-वीस माणसे टीव्हीकडे तोंड करून बसलेली. घाईघाईत मी टीव्हीचा फॅक्टरी रिसेट केला. टीव्ही कोरा झाला, सगळ्या अ‍ॅपचे लॉगिन गेले, पुढचा पाऊण तास रिमोटने एकेक अक्षर टाइप करण्यात गेला आणि तरीही मोबाइल जोडला जाईना. खरे कारण संध्याकाळी सापडले. माझा मोबाइल माजघरातल्या दुसऱ्या राउटरवर होता आणि टीव्ही ओसरीवरच्या पहिल्या राउटरवर. टीव्हीत काहीच बिघाड नव्हता.

त्यानंतर वाड्यावर, शाळेत आणि नातेवाइकांकडे ही अडचण बऱ्याचदा सोडवली. जवळपास प्रत्येक वेळी मोबाइल चांगला होता, टीव्हीही चांगला होता, फक्त दोघांना एकमेक दिसत नव्हते. म्हणून ज्या क्रमाने मी आता शोध घेतो तो क्रम इथे देतो. नवशिक्यांनी याच क्रमाने जावे. रिसेट सगळ्यात शेवटी, आणि शक्यतो कधीच नाही.

पहिली पायरी: तुमची जोडणी कोणत्या जातीची आहे?

"स्क्रीन टीव्हीवर घेणे" या एका वाक्यामागे तीन वेगळ्या पद्धती आहेत. हे न समजल्यामुळे लोक तासन्‌तास चुकीच्या जागी शोधत बसतात.

पहिली पद्धत मिराकास्ट. वाय-फाय अलायन्स या संघटनेने २०१२ मध्ये ती आणली. यात मोबाइल आणि टीव्ही थेट एकमेकांशी बोलतात. मध्ये राउटर लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. अडचण अशी की मिराकास्ट हे नाव मोबाइलवर सहसा दिसतच नाही. सॅमसंगमध्ये ते स्मार्ट व्ह्यू म्हणून असते, इतर कंपन्यांच्या मोबाइलवर वायरलेस डिस्प्ले, स्क्रीनकास्ट किंवा नुसतेच कास्ट. विंडोज लॅपटॉपवरही हीच पद्धत चालते.

दुसरी गूगल कास्ट, जी २०१३ मध्ये क्रोमकास्ट या टीव्हीला लावायच्या छोट्या यंत्राबरोबर आली आणि आता अँड्रॉइड टीव्ही, गूगल टीव्हीमध्ये आतच बसवलेली असते. इथे राउटर हवाच, आणि मोबाइल व टीव्ही दोन्ही त्याच राउटरवर हवेत. यातही दोन प्रकार आहेत. यूट्यूबमधले कास्टचे बटण दाबले की मोबाइल टीव्हीला फक्त पत्ता देतो, व्हिडिओ टीव्ही स्वतः इंटरनेटवरून आणतो. मोबाइल खिशात टाकलात तरी चालू राहते. पण "माझी स्क्रीन कास्ट करा" असे केले की मोबाइलला प्रत्येक चित्र स्वतः पाठवावे लागते. मोबाइल तापतो, बॅटरी उतरते, आणि नेटवर्क जरा कमी पडले की चित्र अडखळते. म्हणून ज्या अ‍ॅपमध्ये कास्टचे बटण आहे तिथे तेच वापरा. मिररिंग, म्हणजे मोबाइलची अख्खी स्क्रीन पाठवणे, फक्त ज्याला दुसरा मार्ग नाही त्यासाठी ठेवा.

तिसरी एअरप्ले, आयफोन, आयपॅड आणि मॅकसाठी. अ‍ॅपल टीव्हीवर ती पूर्वीपासून आहे. २०१९ पासून सॅमसंग, एलजी वगैरे कंपन्यांच्या बऱ्याच टीव्हींमध्येही ती येऊ लागली.

आता आपल्या दोन वस्तूंची जात जुळते का ते पाहा. आयफोनला मिराकास्ट येत नाही. गूगलच्या पिक्सेल मोबाइललाही येत नाही. म्हणजे घरचा टीव्ही फक्त मिराकास्टवाला असेल आणि आलेल्या भाच्याच्या हातात आयफोन असेल, तर दोन्ही शंभर वेळा बंद-चालू केले तरी टीव्ही दिसणार नाही. तिथे केबल किंवा टीव्हीला लावायची स्टिक हाच उपाय. ही गोष्ट पहिल्या पाच मिनिटांत कळली तर संध्याकाळ वाचते.

मिराकास्टवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवा: बऱ्याच टीव्हींवर आधी टीव्हीला तयार करावे लागते. रिमोटने सोर्स किंवा इनपुटच्या यादीत जाऊन स्क्रीन मिररिंग, स्क्रीन शेअर किंवा मिराकास्ट उघडा, टीव्ही "वाट पाहत आहे" अशा अर्थाचा पडदा दाखवेल, मग मोबाइलवर शोधा. फायर टीव्ही स्टिकच्या बऱ्याच मॉडेलवर रिमोटचे होम बटण दाबून धरले की मिररिंगचा पर्याय येतो. टीव्हीवर एखादी मालिका चालू ठेवून मोबाइलवर शोधत राहिलात तर काही सापडणार नाही.

दुसरी पायरी: दोघे एकाच घरात आहेत का?

हे कास्ट आणि एअरप्लेसाठी. नव्वद टक्के नव्हे, जवळजवळ सगळीच भांडणे इथे मिटतात असा माझा अनुभव, म्हणून इथे घाई करू नका.

मोबाइलच्या वाय-फाय सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कच्या नावावर दाबा, आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्या वस्तूचा क्रमांक, दिसेल. समजा १९२.१६८.१.७ आहे. आता टीव्हीच्या सेटिंगमध्ये नेटवर्कच्या माहितीत जाऊन टीव्हीचा आयपी पत्ता पाहा. तो १९२.१६८.१.१२ असेल तर ठीक. घरच्या साध्या राउटरवर टिंबांनी वेगळे केलेले पहिले तीन आकडे (इथे १९२, १६८ आणि १) जुळले म्हणजे दोघे एकाच घरात आहेत. पण मोबाइल १९२.१६८.०.७ दाखवत असेल आणि टीव्ही १९२.१६८.१.१२, तर दोघांच्या मध्ये भिंत आहे. आमच्या घरी चवथीला नेमके हेच झाले होते. नुसती नावे पाहून फसायला होते, आकडे पाहा.

नावाबद्दल एक शंका सगळे विचारतात. राउटर दोन नावे दाखवतो, एक साधे आणि एकाच्या शेवटी ५जी. मोबाइल एकावर आणि टीव्ही दुसऱ्यावर असेल तर? एकाच राउटरची ही दोन दारे आहेत, घर एकच, त्यामुळे बहुतेक वेळा चालते. (त्या ५जीचा मोबाइलच्या सिमवरच्या फाइव्ह जीशी काही संबंध नाही.) पण तिसरे नाव "गेस्ट" असे असेल आणि मोबाइल त्याच्यावर असेल तर चालणार नाही. पाहुण्यांच्या नेटवर्कवरच्या वस्तूंना घरातल्या इतर वस्तू दिसू नयेत म्हणूनच ते बनवलेले असते.

पावसाळ्यात आणखी एक प्रकार होतो. झाड पडून फायबरची तार तुटते, राउटरचे दिवे लागलेले असतात पण इंटरनेट नसते. अशा वेळी बरेच मोबाइल गुपचूप मोबाइल डेटावर उडी मारतात. वरच्या पट्टीत वाय-फायचे चिन्ह आहे की नाही ते पाहा आणि तात्पुरता मोबाइल डेटा बंद करून पुन्हा प्रयत्न करा. इंटरनेट खरेच गेले असेल तर कास्टवर वेळ घालवू नका. मोबाइलमधला व्हिडिओ दाखवायचा असेल आणि टीव्हीत मिराकास्ट असेल तर ते इंटरनेटशिवाय चालेल.

मोबाइलवर व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्याच सर्व्हरमधून फिरवून नेणारी सोय) चालू असेल तर बंद करा. ऑफिसचे अ‍ॅप असलेल्यांच्या मोबाइलवर ते नकळत चालू राहते आणि टीव्ही यादीतून गायब होतो.

हॉटस्पॉटचे काय? ज्या मोबाइलचा हॉटस्पॉट आहे त्याच मोबाइलवरून कास्ट करायला गेलात तर बऱ्याचदा टीव्ही सापडत नाही. दुसऱ्या मोबाइलचा हॉटस्पॉट घ्या, टीव्ही आणि पहिला मोबाइल दोन्ही त्याला जोडा. मिराकास्टवाल्यांनी तर हॉटस्पॉट आधी बंदच करावा.

होमस्टे चालवणाऱ्यांसाठी दोन शब्द, कारण मांद्र्याहून ओळखीच्या एका दादाचा दर हंगामात फोन येतो, "गिऱ्हाईक म्हणते टीव्ही सापडत नाही, काय करू?" पाहुण्यांसाठीच्या वाय-फायवर क्लायंट आयसोलेशन किंवा एपी आयसोलेशन नावाची सोय चालू असते. तिच्यामुळे एकाच वाय-फायवरच्या दोन वस्तू एकमेकींना दिसत नाहीत. इथे आयपीचे आकडे जुळतात आणि तरी जोडणी होत नाही, म्हणून माणूस गोंधळतो. ही सोय काढून टाकू नका. एका खोलीतल्या अनोळखी माणसाला दुसऱ्या खोलीतल्या पाहुण्याचा लॅपटॉप दिसू नये यासाठी ती आहे, आणि ती बंद केली तर दोन नंबरच्या खोलीतला मुलगा चार नंबरच्या टीव्हीवर व्हिडिओ लावू शकेल. त्यापेक्षा प्रत्येक टीव्हीजवळ एक चांगली एचडीएमआय केबल ठेवा, किंवा टीव्हीत मिराकास्ट असेल तर ते कसे उघडायचे याची चिठ्ठी मराठीत आणि इंग्रजीत लावा.

तिसरी पायरी: चिऱ्याची भिंत

आपल्याकडच्या जुन्या घरांच्या भिंती चिऱ्याच्या, चांगल्या दीड-दोन फूट जाड. उन्हाळ्यात घर गार ठेवणारी हीच भिंत वाय-फायला जड जाते. फायबर जोडायला येणारा माणूस राउटर जिथे तार आत येते तिथेच, म्हणजे बाहेरच्या दाराशी ठोकून जातो. टीव्ही मात्र दोन भिंती पलीकडे. चिरा सच्छिद्र असतो, पावसाळ्यात ओल धरतो, आणि पाणी रेडिओलहरी शोषते. म्हणून मे महिन्यात नीट चालणारे मिररिंग जुलैत अडखळू लागले तर मोबाइल जुना झाला असे लगेच समजू नका.

राउटरची दोन दारे म्हणालो, त्यांचा स्वभाव वेगळा. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून त्यातल्या त्यात बऱ्या जातात, पण तिथे गर्दी फार. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन, सगळे याच पट्ट्यात. ५ गिगाहर्ट्झ, म्हणजे ते शेवटी ५जी असलेले नाव, वेगवान आणि मोकळे, पण जाड भिंतीपुढे लवकर हार मानते. त्यामुळे सल्ला घराप्रमाणे बदलतो. ताळगाव किंवा मडगावच्या फ्लॅटमध्ये, जिथे भिंती पातळ आणि शेजारचे वीस राउटर दिसतात, तिथे टीव्ही आणि मोबाइल दोन्ही ५ गिगाहर्ट्झवर ठेवा. फोंड्या-सत्तरीकडच्या जुन्या घरात राउटर दुसऱ्या खोलीत असेल तर २.४ वर ठेवा आणि राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचे निवडा. या तिन्हींच्या लहरी एकमेकींवर चढत नाहीत.

परीक्षा सोपी आहे. मोबाइल हातात घेऊन राउटरच्या शेजारी उभे राहा आणि यूट्यूब चालवा. मग टीव्हीजवळ या. फरक पडला तर दोष जागेचा. राउटर उंचावर, दाराच्या रेषेत, उघड्यावर ठेवा. टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटात किंवा फ्रिजवर ठेवू नका. टीव्हीजवळपर्यंत लॅनची तार ओढता आली तर याहून चांगले काही नाही. टीव्ही तारेने राउटरला जोडला की अर्धा ताण संपतो. दुसरा राउटर लावणारच असाल तर तो बसवणाऱ्याला "अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर लाव" असे स्पष्ट सांगा. आमच्याकडे हे सांगायचे राहिले, म्हणून एका घरात दोन नेटवर्क झाली.

मिराकास्टमध्ये राउटर नसला तरी एक गोम आहे. मोबाइल राउटरशी एका चॅनेलवर आणि टीव्हीशी दुसऱ्या चॅनेलवर बोलत असेल तर त्याला दोन्हीकडे आलटून पालटून लक्ष द्यावे लागते आणि चित्र तुटते. मोबाइलमधलाच व्हिडिओ दाखवायचा असेल तर वाय-फाय चालू ठेवून राउटरचे नेटवर्क तेवढ्यापुरते तोडून पाहा. बऱ्याचदा चित्र लगेच सुधारते.

चौथी पायरी: परवानगी

आयफोनवर २०२० पासून, म्हणजे आयओएस १४ पासून, प्रत्येक अ‍ॅप घरातल्या इतर वस्तू शोधायची परवानगी मागते. पहिल्यांदा विचारले तेव्हा कुणीतरी "नको" दाबलेले असते आणि मग यूट्यूबमध्ये टीव्ही कधीच दिसत नाही. सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, लोकल नेटवर्क इथे जाऊन त्या अ‍ॅपचे बटण चालू करा. अँड्रॉइड १३ पासून "जवळपासची उपकरणे" अशी परवानगी आहे, तीही पाहा. त्याआधीच्या अँड्रॉइडवर लोकेशन बंद असेल तर शोध रिकामा येऊ शकतो. बॅटरी सेव्हर चालू असेल तर काढा.

टीव्हीवरही परवानगी असते. पहिल्या जोडणीच्या वेळी टीव्ही "या मोबाइलला जोडू का?" विचारतो. चुकून नकार दिला तर तो मोबाइल कायमचा अडवला जातो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी शोधा आणि अडवलेला मोबाइल त्यातून काढा.

पाचवी पायरी: बंद-चालू, पण क्रमाने

रिमोटने टीव्ही बंद केला म्हणजे तो बंद झाला असे नाही, तो झोपतो. भिंतीवरचे बटण बंद करा. राउटरही बंद करा. अर्धा मिनिट थांबा. आधी राउटर चालू करा, त्याचे दिवे स्थिर होईपर्यंत दोन-तीन मिनिटे जाऊ द्या, मग टीव्ही, शेवटी मोबाइलचे वाय-फाय. वीज येते तेव्हा नेमका उलटा क्रम होतो. टीव्ही आधी जागा होतो, त्याला नेटवर्क सापडत नाही आणि तो तसाच राहतो. वीज गेल्यानंतर टीव्हीची तारीख आणि वेळही पाहा. चुकीची असेल तर सुरक्षित जोडणीसाठी लागणारी प्रमाणपत्रे त्याला जुनी किंवा भविष्यातली वाटतात आणि तो नकार देतो. तारीख "आपोआप" वर ठेवा.

रिसेट नको असे मी इतके आग्रहाने का सांगतो? मार्च २०२५ मध्ये क्रोमकास्टच्या २०१५ च्या मॉडेलवर जगभर एकाच दिवशी कास्ट बंद पडले. त्यातल्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली होती. ज्यांनी काही केले नाही त्यांचे यंत्र काही दिवसांत आलेल्या अपडेटने सुधारले. ज्यांनी घाईने फॅक्टरी रिसेट केला त्यांना ते पुन्हा उभे करणेच कठीण गेले. दोष आपल्या घरात नसतानाही तो घरात शोधला जातो. म्हणून रिसेटआधी दुसऱ्या कुणाच्या मोबाइलवरून प्रयत्न करा. दोन मोबाइलना टीव्ही दिसत नसेल तर टीव्ही किंवा राउटर पाहा. एकालाच दिसत नसेल तर तो मोबाइल पाहा.

जोडले, पण नीट दिसत नाही

पडदा काळा आणि आवाज मात्र येतो: चित्रपट-मालिकांची अ‍ॅप मिररिंगला मुद्दाम अडवतात, चोरी होऊ नये म्हणून. तुमची चूक नाही, त्यावर जुगाडही शोधू नका. टीव्हीवरचेच अ‍ॅप उघडा. बँकेच्या अ‍ॅपचा पडदा काळा दिसतो तो तुमच्या भल्यासाठी.

चित्र येते, आवाज मोबाइलवरच: ब्लूटूथ हेडफोन जोडलेला आहे का पाहा, मग टीव्हीचा आवाज.

माणसे जमलेली असताना मिररिंग करण्याआधी मोबाइल "डू नॉट डिस्टर्ब" वर टाका. मेसेज, ओटीपी सगळे टीव्हीवर उमटते. आणि अ‍ॅप स्टोअरमध्ये "स्क्रीन मिररिंग" नावाची जी डझनभर अ‍ॅप दिसतात ती उतरवू नका. मोबाइलमध्ये असलेलीच सोय पुरते आणि त्यातली बरीच अ‍ॅप जाहिरातींनी भरलेली असतात. फोनवरून कुणी अनोळखी माणूस "स्क्रीन शेअरचे अ‍ॅप टाका" म्हणाला तर फोन ठेवून द्या, तो पैशांसाठीच आलेला असतो.

लॅपटॉपवाले

विंडोजची कळ आणि के एकत्र दाबा, उजवीकडे टीव्ही किंवा प्रोजेक्टरची यादी येते. यादी रिकामी राहिली तर आधी वाय-फाय चालू आहे ना ते पाहा. लॅपटॉप तारेने नेटला जोडलेला असला आणि वाय-फाय बंद असले तर मिराकास्ट सहसा चालत नाही. नेटवर्क "पब्लिक" असेल तर घरी ते "प्रायव्हेट" करा. वाय-फाय आणि ग्राफिक्सचे ड्रायव्हर अपडेट करा. जोडल्यावर फक्त रिकामा निळा पडदा दिसला तर विंडोजची कळ आणि पी दाबून "डुप्लिकेट" निवडा. क्रोम ब्राउझरच्या तीन टिंबांच्या मेनूतही कास्ट आहे, तो क्रोमकास्टवाल्या टीव्हीसाठी. त्यात नुसता एक टॅबही पाठवता येतो, वर्गात शिकवताना तेवढे पुरते.

वेळ ठरलेली असेल तर केबल

शाळेचे स्नेहसंमेलन, देवळातला कार्यक्रम, नाट्यस्पर्धेच्या तालमीतले दृश्य दाखवायचे असेल तर वायरलेसवर अवलंबून राहू नका. दोनशे मोबाइल असलेल्या सभागृहात वाय-फायचे काय होईल ते आदल्या दिवशी रिकाम्या सभागृहात कळत नाही. लॅपटॉप आणि एचडीएमआय केबल न्या. मोबाइलवरून केबल लावायची असेल तर आधी तपासा: टाइप-सी भोक असले म्हणजे त्यातून चित्र बाहेर येतेच असे नाही. कमी किमतीच्या बऱ्याच मोबाइलच्या भोकातून फक्त चार्जिंग आणि फाइल जातात. मोबाइलच्या माहितीत "डिस्प्लेपोर्ट" असा उल्लेख असेल तरच टाइप-सी ते एचडीएमआय अ‍ॅडॅप्टर चालेल, म्हणून दुकानात मोबाइल बरोबर नेऊन तिथल्याच टीव्हीवर लावून बघा आणि मगच पैसे द्या. आणि केबल पाच मीटरची घ्या. दीड मीटरची टीव्हीपासून टेबलापर्यंत पोचत नाही.